फळीवरचा शेजार

नाना आले तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. पावसाळा सरत आलेला, हवेत बडोद्याचा तो चिकट उकाडा, आणि काउंटरवर कुणी नाही असं बघून मी नुकताच डबा उघडायला घेतला होता. नानांनी वहीत सही केली, पिशवी खणात ठेवली आणि कठडा धरत धरत तिसऱ्या मजल्यावर गेले. मी ग्रंथालयात लागले त्याच्याही आधीपासून ते असेच येतात. एकदा वर गेले की चार वाजेपर्यंत खाली येत नाहीत, हे आमच्या पट्टेवाल्या काकांनाही पाठ आहे. त्या दिवशी मात्र दहा मिनिटांत परत आले. चेहऱ्यावर राग नव्हता. घरी जावं आणि दाराला भलतंच कुलूप दिसावं, तसे गोंधळलेले दिसत होते.

"अगं, माझी फळी कुठं गेली?"

मी म्हटलं, "नाना, ती पुस्तकं नव्या गोडाऊनला गेली. तुम्ही नाव सांगा, उद्या दुपारच्या गाडीनं मागवून देते." हे वाक्य तोवर मी इतक्या जणांना सांगितलं होतं की ते तोंडातून आपोआप निघत होतं. नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. म्हणाले, "नाव ठाऊक असतं तर तुला फोन केला असता. मला पुस्तक नको होतं, त्याचा शेजार बघायचा होता." आणि पिशवी घेता घेता, माझ्याकडे न बघता, "शेजार मोडलात तुम्ही."

तो डबा मी तसाच घरी नेला.

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी वर जाऊन आले. ओळीच्या ओळी रिकाम्या. इतकी वर्षं पुस्तकांच्या मागे दडलेली भिंत पहिल्यांदा दिसत होती. तिचा मूळ रंग फिकट पिस्ता होता, हे मला माहीतच नव्हतं. लोखंडी फळ्या मधोमध किंचित खाली वाकलेल्या. ओझं उतरलं तरी बाक गेला नव्हता, डोक्यावरून हंडे वाहिलेल्या बाईच्या मानेसारखा. फळीवर धुळीच्या रेघा होत्या, आणि दोन रेघांमधली स्वच्छ जागा बघून इथं जाड पुस्तक होतं, इथं बारकी पुस्तिका होती, एवढं सांगता येत होतं. एका कोपऱ्यात ६६७ असा आकडा लिहिलेली पट्टी अजून चिकटलेली होती. नानांची फळी हीच.

ड्युईच्या वर्गीकरणातला, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीतला, ६६७ हा आकडा मला फार आवडतो, आणि तो आवडायला लावला नानांनीच. आधी कपडे धुण्याची पुस्तकं, त्यांना लागून रंगाईची, मग शाईची, मग रोगणाची आणि व्हार्निशची. नाना जुन्या रंगारी कामावर कितीतरी वर्षं लिहीत आहेत. १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, प्राध्यापक गज्जरांनी इथं रंगाईचं रसायनशास्त्र शिकवायला घेतलं, तेव्हापासूनचे धागे ते गोळा करतात. एकदा ते रंगाईचं पुस्तक काढायला गेले आणि हात चुकून शेजारच्या शाईच्या पुस्तकावर पडला. उघडून बघतात तर सुती कापड काळं करायला छिपे, म्हणजे कापड छापणारे लोक, जे वापरत तेच हिरडा आणि हिराकस लिहिण्याच्या शाईतही. साडीचा काळा काठ आणि दप्तरातली काळी ओळ एकाच भांड्यातून निघाल्या होत्या. त्या दिवशी नाना धावत खाली आले होते, ज्याला त्याला सांगत होते. कुठल्याही शोधयंत्रात त्यांनी 'शाई' हा शब्द घातला नसता. त्यांना रंगच शोधायचा होता.

म्हणून 'शेजार मोडलात' हे शब्द मला टोचत राहिले. कारण पुस्तकं हलवायचा निर्णय ज्या समितीनं घेतला त्यात मीही होते, आणि मी हातही वर केला होता.

वर केला, कारण दुसरा उपाय नव्हता. गेली काही वर्षं पुस्तकं जिन्यात आली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर आली होती, वाचनकक्षातल्या टेबलांखाली गठ्ठे बांधून पडली होती. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला शेवटचा सांगतो की ग्रंथालय ही वाढती सजीव वस्तू आहे. परीक्षेला तो पाठ करताना छान वाटला होता. नोकरीत त्याचा अर्थ कळला: वाढणाऱ्याला अंग पसरायला जागा लागते, आणि इमारत काही वाढत नाही. रुळांवर सरकणारे, एकमेकांना चिकटवता येणारे रॅक, म्हणजे कॉम्पॅक्टर, बसवावेत असं आधी सगळ्यांना वाटलं. तेवढ्याच खोलीत बरीच जास्त पुस्तकं मावतात. इंजिनियर आले, तुळया बघितल्या, आणि मान हलवली. घराच्या स्लॅबला चौरस मीटरमागे २०० किलो भार धरतात. ग्रंथालयाच्या स्टॅकरूमला, म्हणजे पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला, साधारण सव्वादोन मीटर उंचीपर्यंतच्या रॅकसाठीच ६०० किलो धरावा लागतो, आणि रॅक उंच होत गेले की त्यावर आणखी चढत जातो. कॉम्पॅक्टर म्हणजे मधल्या वाटाच गिळून टाकणं. तो भार आमच्या जुन्या मजल्यांना झेपणारा नव्हता. कागद किती जड असतो हे घर बदलताना पुस्तकांचं खोकं उचललेल्या कुणालाही ठाऊक आहे. आमच्या डोक्यावर अशी हजारो खोकी होती.

आणि मग पाणी आलं. बडोद्यातल्या माणसाला पावसाळ्यात विश्वामित्री नदीची पातळी किती फुटांवर आहे हे देवाच्या नावासारखं तोंडी असतं. ३१ जुलै २०१९ ला २४ तासांत जवळपास २० इंच पाऊस झाला, तेव्हा आम्ही कसेबसे वाचलो. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस वाचलो नाही. शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता, सोसायट्यांच्या आवारात मगरी आल्या होत्या, आणि आमच्या तळघराचं दार उघडायला आम्हाला कितीतरी दिवस लागले. ओलं पुस्तक कसं दिसतं हे मी तोवर फक्त वाचलं होतं. ते फुगतं. फळीवर दाटीनं लावलेली पुस्तकं फुगली की एकमेकांना इतकी आवळतात की एकही हातानं निघत नाही. ओढलं तर पाठ हातात येते आणि पानं तिथंच राहतात. आम्ही रॅकच्या बाजूच्या पट्ट्या कापून काढल्या. पानांत कोरे कागद घातले, पंखे लावले, उन्हात ठेवायचा मोह टाळला, कारण उन्हात पुठ्ठा आधी आक्रसतो आणि पुस्तक कायमचं वाकडं होतं. साधा कागद बराचसा सावरला. गुळगुळीत चित्रांची पुस्तकं मात्र चिकटून विटा झाली. एका विटेत अजिंठ्याची चित्रं आहेत. पानं कधीच उघडणार नाहीत. मी ती टाकू दिलेली नाही.

म्हणून शहराबाहेर, उंचावर, पुस्तकांसाठी वेगळं घर बांधायचं हे जेव्हा ठरलं, तेव्हा मी मनापासून हात वर केला.

जागा शोधायला आम्ही हालोलच्या बाजूला बरेच फिरलो. विश्वामित्रीचा उगम पावागडात, म्हणजे पावागडाच्या दिशेनं गेलं की नदी मागं पडते असं मुळीच नाही. ती वाटेत पुन्हा पुन्हा भेटते. त्यामुळं दर ठिकाणी मी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठून एकच विचारायची, "काका, इथं पाणी कुठवर आलं होतं?" कागदावरच्या पूररेषेपेक्षा भिंतीवर बोट ठेवून दाखवणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला याच कारणानं कोठार दूर न्यावं लागलं. त्यांना ते गावातच ऑस्नी मीड इथं बांधायचं होतं, पण पुराची भीती आणि ऑक्सफर्डच्या मनोऱ्यांचं दृश्य बिघडेल हा आक्षेप, यांमुळे परवानगी मिळाली नाही. शेवटी ते स्विंडनजवळ बांधलं, २०१० साली उघडलं, आणि त्यात ८० लाख पुस्तकांची सोय केली. त्याआधी त्यांची काही पुस्तकं चेशरमधल्या मिठाच्या खाणीत ठेवलेली होती. मिठाची खाण कोरडी असते, शास्त्राला धरूनच आहे ते. तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम लोणच्याच्या बरण्या आणि त्यांच्या तोंडाला बांधलेली फडकी आठवली. मिठात घातलं की टिकतं, ही गोष्ट माझ्या आजीलाही माहीत होती.

बांधकामाचे ते महिने मी फार आवडीनं जगले. पाया खणला तेव्हा मातीत वाळवीचं औषध घातलं, ते मी उभं राहून बघितलं. खिडक्या एकही नाही. छपरातून, भिंतीतून पाण्याचा एकही नळ जाणार नाही, मोरी आणि संडास वेगळ्या खोपीत, हे नकाशावर तीनदा लाल शाईनं लिहून घेतलं. इमारत तयार झाल्यावर सगळ्यांना घाई झाली, आणि मी पहिल्यांदाच वरिष्ठांशी वाद घातला. नवं काँक्रीट महिनोन्‌महिने ओल सोडत असतं. वरून हाताला कोरडं लागतं, पण आत दार लावून आर्द्रतामापक ठेवला की काटा चढायला लागतो, आणि ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिला की बुरशी धरलीच म्हणायची. नव्या घरात आपण राहायला जातो, पण धान्याची कणगी लगेच भिंतीला टेकवत नाही. आम्ही एक अख्खा उन्हाळा थांबलो. त्या उन्हाळ्यात मी दर शनिवारी जाऊन रिकाम्या दालनात उभी राहायची. बाहेर ४२ अंश, आत अंधार आणि सिमेंटचा वास. दार उघडलं की लांबवर पावागड दिसायचा.

मग आली मापाची पाळी. इथं माझं मन पहिल्यांदा अडखळलं.

अशा कोठारांची पद्धत हार्वर्डनं घालून दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये साउथबरोला त्यांनी १९८६ साली डेपॉझिटरी उघडली, आणि तिथं पुस्तकं विषयानं न लावता उंचीनं लावली. एका उंचीची सगळी एका ट्रेमध्ये, ट्रे फळीवर, फळ्या छतापर्यंत. पुस्तकाला बारकोड, ट्रेला बारकोड, फळीला बारकोड. फळ्यांच्या मध्ये रिकामी हवा राहत नाही, जागा पुरेपूर कामी येते. वाचकांनी आत यायचंच नसतं, त्यामुळं विषयाची गरज उरत नाही. हिशोब चोख आहे. शिवाय थंड आणि कोरड्या हवेत कागदाचं आयुष्य कितीतरी वाढतं. विशेषतः लाकडाच्या लगद्याचा, आतून आम्ल खात गेलेला तो पिवळा कागद, दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतला तर हात लावताच पापडासारखा तुटतो, त्याला तर ही हवा म्हणजे औषध. तिकडं १० अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्याकडं वर्षभर एवढं थंड ठेवायचं वीजबिल कुणाला झेपावं? आम्ही विशीवर थांबलो.

सुतारानं प्लायवूडचा एक साचा करून दिला होता, पायऱ्या पायऱ्यांचा. पुस्तक त्यात उभं करायचं, ज्या पायरीला टेकेल त्या मापाच्या ट्रेत टाकायचं. ट्रे मकरपुरा जीआयडीसीतल्या एका खोकेवाल्याकडून करून घेतले. पहिल्या दिवशी मी स्वतः मापायला बसले. ज्ञानेश्वरीवरचं विवेचन आणि विहिरींच्या पंपांची माहिती, एकाच ट्रेत. नाटकाचं पुस्तक, त्याला चिकटून गुरांच्या रोगांचं. गुजराती शब्दकोश जाड, त्याला जागा मिळाली मोडी वाचनाच्या पाठांजवळ, कारण दोघांची उंची सारखी. हातात हातमोजे, नाकावर फडकं, आणि मनात एकच चित्र होतं: दांडिया बाजारातला आमचा वाडा पाडला तेव्हाचं. चौदा बिऱ्हाडं होती. बिल्डरनं सगळ्यांना चौरस फुटाप्रमाणे फ्लॅट दिले, कुणावर अन्याय केला नाही. आम्ही वाघोडिया रोडला गेलो, जोशीकाकू मांजलपूरला, खालचे देसाई गोत्रीला. सगळ्यांना नळ मिळाला, संडास घरात आला, आईचे गुडघे दुखायचे थांबले. पण आईची आमटी फसली तर पलीकडून आमसूल येईना. कुणाकडं काय आहे हे आईला न विचारता ठाऊक असायचं, ते संपलं. पत्ते सगळ्यांचे होते. फोनही होते. शेजार नव्हता.

तरी मापत राहिले. या पद्धतीत चूक म्हणजे काय हे मला हाताखालच्या पोरांना समजवायचं होतं. नेहमीच्या फळीवर पुस्तक चुकीच्या जागी गेलं तर चार पुस्तकं सोडून सापडतं, कारण आजूबाजूची पुस्तकं सांगतात की हा इथला नव्हे. इथं मात्र एकदा चुकीच्या ट्रेत पडलं की हरवलं. सगळ्या ट्रे उपसल्याशिवाय सापडायचं नाही. म्हणून प्रत्येक ट्रे दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजायची, हा नियम मी केला आणि एकदाही मोडू दिला नाही.

या सगळ्या काळात मला मांडवीची सेंट्रल लायब्ररी फार आठवायची. लहानपणी आत्याचं बोट धरून मी तिथं जायची. तिथल्या स्टॅकमध्ये लोखंडी रॅक आहेत आणि मजल्यांना जाड काचेच्या लाद्या. वरच्या मजल्याचा उजेड काचेतून खाली झिरपतो. मी पुस्तकं सोडून मान वर करून उभी राहायची, कारण वर कुणी चालत असलं की त्याच्या पावलांच्या सावल्या माझ्या डोक्यावरून जायच्या. माणूस दिसायचा नाही. कुणीतरी शोधतंय एवढं दिसायचं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून आणलं, राजवाड्यातला आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह लोकांना दिला, हे इथल्या प्रत्येक मराठी घरात ऐकून असतं. आमच्या घरात मात्र त्यापेक्षा पेट्यांची गोष्ट जास्त सांगितली जायची. बडोदा राज्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावोगाव पाठवत, गावाला भाडं पडत नसे. माझे पणजोबा डभोईकडच्या एका खेड्यात मास्तर होते. पेटी नॅरोगेज गाडीनं यायची, मग बैलगाडीनं. ती उघडताना ते पोरांना हात धुवून यायला लावत. पुस्तकं वाचून झाली की तीच पेटी परत जायची आणि नवी यायची. आजी सांगायची, पेटी जाताना मास्तर वेशीपर्यंत बरोबर चालत जात.

ती पेटी पुस्तकं घेऊन वाचकाकडं जात होती. माझ्या ट्रे वाचकापासून लांब चालल्या होत्या. नानांचं वाक्य ऐकल्यावर मला हा फरक झोपू देईना.

'गोडाऊन' या शब्दाची तर मला त्या दिवसापासून लाज वाटायला लागली. गोडाऊनमध्ये माल असतो, तो विकला जाईपर्यंत पडून राहतो. अडगळीच्या खोलीत आपण ज्याचं काय करावं ते कळत नाही ते टाकतो. आपल्याकडं याहून चांगला शब्द आहे, आणि बडोद्यात तर त्या नावाचा सबंध भागच आहे: कोठी. आजीच्या घरातली कोठीची खोली अंधारी होती, थंड होती, तिला खिडकी नव्हती, आणि मुलांना आत जायला बंदी होती. पण तिथलं काहीही टाकलेलं नव्हतं. कडुनिंबाचा पाला घातलेलं धान्य, बियाण्याची वेगळी मडकी, पुढच्या चैत्राची चिंच. आजी डोळे मिटून सांगू शकायची की कशाच्या मागे काय आहे. तिच्या कमरेला किल्ली असायची आणि मागितलेली वस्तू ती स्वतः आणून हातात द्यायची. मी दुसऱ्याच दिवशी दारावरची पाटी बदलायला सांगितली. 'ग्रंथकोठी'. काउंटरवरच्या मुलींना सांगितलं, आजपासून गोडाऊन हा शब्द वाचकासमोर उच्चारायचा नाही. त्यांना मी जरा कडक वाटले असेन.

शब्द बदलून नानांची फळी मात्र परत येणार नव्हती. ती यायला आजीचं डोकं हवं होतं, कशाच्या मागे काय आहे ते जाणणारं.

ते डोकं आमच्याकडं होतं, आणि आम्ही ते भंगारात द्यायला काढलेलं होतं. स्टॅकच्या मागच्या बोळात सागवानी खणांचं एक कपाट होतं. त्यात शेल्फलिस्ट. नव्या पिढीला हे सांगावं लागतं: लेखकाच्या नावानं लावलेली कार्डं वेगळी, आणि शेल्फलिस्टची वेगळी. शेल्फलिस्टमध्ये कार्डं अगदी फळीवरच्या क्रमानं असतात, पुस्तकामागं एक कार्ड. ग्रंथतपासणीच्या वेळी एकानं कार्ड वाचायचं आणि दुसऱ्यानं फळीवर बोट ठेवायचं, एवढाच तिचा उपयोग. संगणक आला तेव्हा ती बंद पडली. लिलावाच्या यादीत 'लाकडी कपाट, जुने, नग १' अशी ओळ मीच टाइप केलेली होती. मी ती यादी परत मागवली. अर्ज, शेरे, सह्या यांत सहा दिवस गेले. पट्टेवाले काका आणि मी खण बाहेर काढून पुसले. ६६७ चा खण उघडला आणि माझ्या अंगावर काटा आला. सगळे होते. धुलाई, रंगाई, शाई, रोगण, एकामागे एक, बोटभर जाडीच्या त्या गठ्ठ्यात. फळी गेली होती, पण तिची ओळ जशीच्या तशी होती.

अजून न हललेल्या दोन मजल्यांचे मग आम्ही फोटो घ्यायला लागलो, एकेका फळीचा एक, पाठीवरची नावं वाचता येतील असा. हे काम दोन मुली करतात. ते आधी सुचलं असतं तर, असं रोज मनात येतं.

नानांना फोन केला. ते म्हणाले, "बघतो." पंधरा दिवसांनी आले. मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर न पाठवता माझ्याच टेबलाशी बसवलं, तो लांबट खण समोर ठेवला आणि पंखा बंद केला, कार्डं उडू नयेत म्हणून. त्यांनी आधी नुसता हात ठेवला. मग अंगठ्यानं एकेक कार्ड पुढं ढकलत गेले, फळीवर बोट फिरवावं तसं. मधेच थांबायचे, एखादं कार्ड थोडं वर ओढून आडवं ठेवायचे, पुन्हा पुढं. दोन तास मी समोर बसून माझं काम करत होते, पण लक्ष सगळं त्या आवाजाकडं, कार्डामागून कार्ड पडण्याच्या टप टपकडं. शेवटी नऊ कार्डं वर निघाली. आठांची नावं होती. नववं पाण्यानं पुसलेलं. जांभळी शाई पसरून एक डाग झालेला आणि खाली फक्त दाखल क्रमांक. "हे काय आहे?" नानांनी विचारलं. संगणकात त्या क्रमांकासमोर शीर्षकाच्या जागी टिंबं होती. दाखलनोंदीची जुनी वही काढली, तर त्या ओळीचा अर्धा भाग कसरीनं खाल्लेला. उरलं होतं एवढंच: पाने ६४, किंमत ४ आणे.

"रंगाईच्या शेवटच्या पुस्तकानंतर आहे आणि शाईच्या पहिल्या पुस्तकाच्या आधी," नाना म्हणाले. कार्ड दोन बोटांत धरून ते उजेडाकडं फिरवत होते. "बरोबर दाराशी आहे बघ. हे आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. निळा क्रेट, त्यात नऊ पुस्तकं, प्रत्येकाला सुती फडकं गुंडाळलेलं. नाना अकरापासूनच येऊन बसले होते. त्या दिवशी आभाळ दाटलेलं होतं आणि हवेत इतकी ओल की टेबलाची काचही चिकटत होती. मी फडकी न सोडता सगळी पुस्तकं त्यांच्यासमोर मांडली. सगळ्यात बारकं ते निनावी. त्यांनी हात पुढं केला, तसं मी म्हटलं, "नाना, तासभर थांबा. आतून थंड आहे ते. एवढ्यात उघडलं तर बाहेरच्या हवेचं पाणी धरेल पानांवर, ताक काढलं की तांब्याला सुटतं तसं."

"तासभर?"

"तासभर."

त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग दोन्ही तळवे त्या गुंडाळलेल्या पुस्तकावर पालथे ठेवले आणि बसून राहिले. पट्टेवाले काकांनी चहा आणला, तो त्यांनी बाजूच्या टेबलावर ठेवायला लावला. बाहेर पाऊस सुरू झाला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "गार आहे गं अजून."

मी म्हटलं, "हो, अजून अर्धा तास." आणि त्या दिवशीचा डबा मी त्यांच्यासमोरच उघडला.